बोटीचा कौल

माझूआई सलग दोन दिवस हसली, आणि यानांच्या घरात कुणालाही त्यात हसण्यासारखं काही सापडलं नाही.

कौलाचे दोन लाकडी ठोकळे असतात, एका अंगाने सपाट, दुसऱ्या अंगाने फुगीर. हात जोडून प्रश्न मनात बोलायचा आणि ठोकळे सोडायचे. एक सपाट आणि एक फुगीर वर आला की होकार, पण तो सलग तीनदा पडावा लागतो. दोन्ही फुगीर वर आले की नकार. नकार आला असता तर घरचे कर्ते चिंग-फू यांनी तोंड वाकडं करून का होईना, तो मानला असता. पण दोन्ही ठोकळे सपाट अंग वर करून फरशीवर डुलत राहिले की समजायचं, समुद्राची देवी माझूआई हसतेय. म्हणजे तुझा प्रश्न धड नाही, किंवा उत्तर तुला ठाऊक आहे आणि तू उगाच माझा वेळ खातोयस. ज्या तांडेलाने आभाळाकडे बघून मान हलवली की अख्ख्या श्याओवान गावच्या बोटी बंदरात थांबायच्या, त्याचा प्रश्न म्हणे धड नाही! हे गावात फुटलं तर बंदरावर तोंड दाखवता येणार नाही, असं चिंग-फूंनी घरच्यांना बजावलं होतं. गावात ते अर्थातच केव्हाच फुटलं होतं.

बोट तर हवीच होती. ईशान्येच्या वाऱ्याने त्या हिवाळ्यात जुनी बोट इतकी खिळखिळी केली होती की ती मासे कमी आणि पाणी जास्त धरत होती. समुद्रापलीकडे काउश्युंगच्या एका कारखान्यात नव्या फायबरच्या बोटीचा सांगाडा तयार उभा होता. कारखानदार रोज संध्याकाळी फोन करून विचारायचा, काका, काय ठरलं? आणि चिंग-फू रोज संध्याकाळी सांगायचे, "देवीचं अजून व्हायचंय." देवीला विचारल्याशिवाय या बेटावर कुणी होडीचं वल्हंसुद्धा घेत नाही, हे कारखानदारालाही माहीत होतं, त्यामुळे तो निमूटपणे फोन ठेवायचा.

तिसऱ्या दिवशी चिंग-फूंनी सगळ्या घराला बोलावून घेतलं. धाकटा चुन-हाँग काउश्युंगहून सकाळच्या विमानाने आला. मुलगी शू-फेन बेटावरच्याच मागोंग शहरातून स्कूटरवर आली. श्यू-मानला, म्हणजे थोरल्या सुनेला, कुठून यायचं नव्हतं. ती चुलीपाशी भाताच्या पेजेत डाव फिरवत होती आणि कुणाच्या नजरेला नजर देत नव्हती.

कारण देवी का हसतेय हे घरात एकट्या तिलाच ठाऊक होतं, असं तिला वाटत होतं.

"बाबा, कारखान्यात तुम्ही विचारलंत काय काय?" चुन-हाँगने पेजेच्या वाडग्याला टेकवून मोबाइल उभा केला होता.

"विचारायचं ते विचारलं," चिंग-फू म्हणाले.

"म्हणजे काय? हा माणूस बघा, याचे दोन लाख लोक ऐकतात. नवी बोट घेण्याआधी काय विचारावं, सगळं सांगितलंय. तळाचा थर हाताने चढवलाय की साच्यात? इंजिन डिझेल किती पितं? सुटे भाग बेटावर मिळतात का? उद्या विकायला काढली तर गिऱ्हाईक येईल का?"

"अजून घेतली नाही, हा विकायला निघाला," सासूबाई म्हणाल्या. "त्यापेक्षा संडास आहे का ते विचारा. चाळीस वर्षं माझा नवरा बादलीवर बसतोय."

"आई, जेवताना!" शू-फेन म्हणाली. "आणि इंजिनाचं मोबाइलवाल्याला कशाला विचारायचं? घरात माणूस असताना?"

घरातला माणूस म्हणजे शू-फेनचा नवरा. त्याचं मागोंगला बोटीच्या इंजिनांचं दुकान होतं, आणि ते आहे याची आठवण शू-फेन नव्या वर्षाला, पितरांच्या दिवशी आणि मधल्या सगळ्या सणांना न चुकता करून द्यायची.

"तुझ्या माणसाने गेल्या वेळी दिलेला पंप अजून शिंकतोय," चुन-हाँग म्हणाला.

"तू वापरलास कधी पंप? तुझं पाणी बटण दाबल्यावर येतं!"

"भांडा," चिंग-फू म्हणाले. "देवी हसतेय, गाव हसतंय, तुम्ही तेवढे भांडा."

 या सगळ्यात थोरला, श्यू-मानचा नवरा वेन-लुंग, खाली मान घालून पेज पीत होता, आणि त्याच्या डाव्या गालात आल्याचा तुकडा होता. जमिनीवरसुद्धा त्याला आता ती सवय लागली होती. श्यू-मानने त्याच्याकडे बघितलं आणि चटकन नजर फिरवली.

लग्नानंतर चारच दिवसांनी तिला ते कळलं होतं. नवरा समुद्रावरून आला, शर्ट बदलून स्वतःच धुवायला बसला. नव्या नवरीला वाटलं, काय गुणाचा नवरा मिळाला. मग वास आला. वेन-लुंगने तिला माझूआईची शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही. तांडेलाचा मुलगा, तांडेलाचा नातू, आणि त्याला समुद्र लागतो! बंदरातून बोट निघाली की पोटातलं वर, आणि परत आली की खाली. आलं झालं, आंबवलेले आलुबुखार झाले, औषधवाल्याच्या गोळ्या झाल्या, मनगटावर बांधायचे पट्टे झाले. काही केल्या उतार पडला नाही. वीसेक वर्षं हा माणूस ओकत ओकत मासे धरत होता, आणि ती गप्प बसून शर्ट धूत होती.

जुनी बोट मोडीत निघायला आली तेव्हा श्यू-मानला पहिल्यांदा मोकळा श्वास घ्यावासा वाटला. आणि तेवढ्यात सासऱ्यांनी नवीन बोट काढली, तीही वेन-लुंगच्या नावावर. नवीन बोट म्हणजे कर्जाची वर्षं, आणि त्यातला प्रत्येक दिवस नवऱ्याने कठड्यावर वाकून काढायचा. सासऱ्यांना सांगायचं तर शपथ आडवी येत होती. मग उरली कोण? सासरे पहिल्यांदा कौल लावायला गेले त्याच पहाटे, त्यांच्याही आधी, ती शेंगदाण्याच्या चिक्कीचं पाकीट घेऊन देवळात गेली होती आणि म्हणाली होती, आई, काहीही कर, पण नाही म्हण.

देवी नाही म्हणाली नव्हती. हसली होती. आणि तेव्हापासून ती थांबलीच नव्हती.

देवळात गुरव त्साय दाराशी खुर्ची टाकून टीव्हीवरची मालिका बघत होता. यानांचं अख्खं घर पायऱ्या चढताना दिसलं तेव्हा त्याने आवाज बंद केला, पण टीव्ही चालू ठेवला.

"आलास चिंग-फू? आज प्रश्न मोठ्याने बोल. मनात काय पुटपुटतोस ते तिला कळत नसेल."

"तिला मनातलं कळतं."

"कळतं म्हणूनच हसत नसेल ना?"

 सासूबाईंनी गुळाचा केक आणि लाल कासवाच्या आकाराच्या गोड पोळ्या मांडल्या. उदबत्त्या लागल्या. चिंग-फू गुडघ्यांना हात लावत, कण्हत खाली बसले.

"मी यान चिंग-फू," ते म्हणाले, "राहणार श्याओवान."

"गल्ली, घर," गुरव म्हणाला.

"अरे, तिच्याच भिंतीला भिंत लावून राहतो मी!"

"गावात निम्मे यान आहेत. नियम म्हणजे नियम."

चिंग-फूंनी गल्ली सांगितली, घर सांगितलं, जन्मवर्ष सांगितलं. मग खाकरून म्हणाले, "नवी बोट घ्यावी का?" आणि ठोकळे सोडले.

ठोकळे आपटले, फिरले, आणि दोन्ही सपाट अंग वर करून डुलत राहिले. शू-फेन स्कूटरची किल्ली बोटाभोवती फिरवायला लागली. चुन-हाँगने हळूच मोबाइल खिशात घातला.

गुरवाने वाकून ठोकळ्यांकडे बघितलं, मग देवीकडे बघितलं, मग एकेक करून सगळ्या घराकडे.

"एक घर, एक विषय, एक तोंड," तो म्हणाला. "हे शाळकरी पोरांनाही माहीत असतं. घरातला एकजण विचारत असताना दुसऱ्याने त्याच्या नकळत येऊन त्याच गोष्टीचा कौल लावायचा नाही. लावला तर ती हसणारच. चिंग-फू, तुझ्या नकळत कुणी आलंय का?"

"माझ्या घरात?" चिंग-फू म्हणाले. "माझ्या घरात माझ्या नकळत पानसुद्धा हलत नाही."

सगळे देवीच्या मुकुटाकडे बघत होते. सासूबाई पोळ्या सारख्या करत होत्या, त्या आधीच सारख्या होत्या.  आपल्या एका चिक्कीच्या पाकिटापायी म्हाताऱ्या माणसाचं गावभर हसं झालं, हे श्यू-मानला सोसवेना.

"बाबा," ती म्हणाली, "मी आले होते. चुकलं माझं."

चिंग-फूंनी मान वळवली. पण ते काही बोलण्याआधी गुरवच म्हणाला, "तू एकटी कुठे, बाई?"

"म्हणजे?"

"सोमवारी पहाटे तू. तुझ्या सासऱ्यानंतर तासाभराने तुझी सासू. त्याच दुपारी ती परत. काल सकाळी शू-फेन स्कूटर चालूच ठेवून आत आली. कालच संध्याकाळी वेन-लुंग. आणि हे धाकटे साहेब आज विमानतळावरून आधी इथे आले आणि मग घरी गेले, बॅग माझ्या खुर्चीवर ठेवून. मी गुरव आहे, चोंबडा नाही, म्हणून इतके दिवस गप्प बसलो. पण तुम्ही देवीला काय गावचं पंचायत ऑफिस समजलात?"

श्यू-मानने एकदम नवऱ्याकडे बघितलं. तोही आला होता? तिला न सांगता? वेन-लुंगने आल्याचा तुकडा या गालातून त्या गालात नेला.

चिंग-फू उठले. उठताना त्यांना चुन-हाँगचा हात धरावा लागला, आणि उठल्यावर त्यांनी तो झटकून टाकला.

"काय विचारलंत? बोला. तिच्यासमोर बोलायला लाज नाही वाटली, आता माझ्यासमोर बोला. शू-फेन!"

"मी एवढंच विचारलं," शू-फेन पदर नसलेल्या खांद्यावर पदर सारखा केल्यासारखं करत म्हणाली, "की इंजिन आपल्याच माणसाकडून घेतलं तर बोट लाभेल ना."

"मग?"

"हसली."

"चुन-हाँग!"

"बाबा, रागावू नका. उन्हाळ्यात रात्री माकूळ मासे धरायला पर्यटक येतात, त्यांचे पैसे माशापेक्षा जास्त. मी विचारलं, बोटीवर छत घालून, रंगीत दिवे लावून, गाणी म्हणायचं यंत्र बसवलं तर..."

"माझ्या बोटीवर गाणी?"

"देवी हसली नाही," चुन-हाँग घाईघाईने म्हणाला. "सरळ नकार आला. तिन्ही वेळा."

"शहाणी आहे ती," सासूबाई म्हणाल्या.

"तू बोलू नकोस. तू दोनदा आलीस!"

"आले. पहिल्यांदा विचारलं, नवी बोट आली की पोरगा तांडेल होईल आणि हा माणूस घरी बसेल ना? घरी जाऊन भाजी निवडायला घेतली आणि विचार आला, घरी बसेल म्हणजे दिवसभर? माझ्या स्वयंपाकघरात? मीठ किती घातलंस, नळ का गळतोय? म्हणून परत येऊन सांगितलं, आई, मघाचं मनावर घेऊ नको."

गुरव त्साय खोकला. टीव्हीवर कुणीतरी आवाजाविना रडत होतं.

"माझ्या पाठीमागे," चिंग-फू म्हणाले. "सगळं माझ्या पाठीमागे."

"पुढून विचारलं तर ऐकता का तुम्ही कधी?" सासूबाई म्हणाल्या.

मग चिंग-फू श्यू-मानकडे वळले. थोरल्या सुनेशी ते घरात सगळ्यांत मऊ बोलत, आणि आत्ताही त्यांचा आवाज खाली आला. "आणि तू काय मागितलंस, पोरी?"

श्यू-मानने नवऱ्याकडे बघितलं. त्याने मान किंचित हलवली: नको.

"बोट घेऊ नये, असं मागितलं," ती म्हणाली.

"वहिनी!" चुन-हाँग म्हणाला.

"मला वाटलंच होतं," शू-फेन म्हणाली. मघापर्यंत पंपावरून भांडणारी बहीण-भावंडं आता शेजारी शेजारी उभी राहिली. "तुझ्या मुलीला तायपेईला शिकायला पाठवायचंय ना? बोटीत पैसे गेले तर वसतिगृहाचं काय? सरळ म्हणायचं होतंस. देवीला मध्ये कशाला घालायचं?"

"स्वतःच्या नवऱ्याची बोट, वहिनी, आणि तुम्हीच..."

"अरे, तिची बाजू तर ऐका," सासूबाई म्हणाल्या, आणि मग त्यांनाही शंका आली. "का गं? खरंच तसं आहे का?"

 खरं सांगावं तर शपथ मोडते, आणि खोटं सांगायचं तर देवी समोरच बसलेली. वीस वर्षांत श्यू-मानने या घराचा एक वाडगा फोडला नव्हता. आता ती सगळ्यांसमोर स्वार्थी ठरत होती आणि तिला रडू येत होतं, दुःखाने नाही, रागाने.

"तिला काही विचारू नका," वेन-लुंग म्हणाला.

"मग तुला विचारतो," चिंग-फू म्हणाले. "तू काल येऊन काय विचारलंस?"

"मी विचारलं नाही. मागितलं."

"काय?"

"बाबांना कळू देऊ नको, म्हणालो."

"काय कळू देऊ नको?"

वेन-लुंगने आल्याचा तुकडा तोंडातून काढला, कुठे ठेवावा ते कळेना म्हणून मुठीत धरला. "मला बोट लागते, बाबा. ओकतो मी. रोज. पहिल्या दिवसापासून."

शू-फेनला फस्सकन हसू आलं आणि तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. चुन-हाँग दोन पावलं पुढे आला.

"दादा, तू? अरे, मी लहानपणी एकदा, एकदाच ओकलो बोटीवर, तर तू मला महिनाभर चिडवलं होतंस!"

"हो. त्या महिन्यात मला जरा बरं वाटलं."

"आणि मी त्या भीतीने शहरात जाऊन नोकरी धरली!"

"तुझं बरं झालं."

श्यू-मानला वाटलं, आता सासरे भडकणार. त्यांच्या वडिलांचं नाव निघणार, आजोबांचं निघणार, मोठ्या वादळातून आजोबांनी बोट कशी आणली ते निघणार. ती नवऱ्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

चिंग-फू पुन्हा खाली बसले. या वेळी ते कण्हले नाहीत.

"मला ठाऊक आहे," ते म्हणाले.

"काय?"

"अरे, बोट केवढी, आपण दोघं. तू मागे जाऊन जाळं बघतो म्हणायचास. जाळं पुढे असायचं. म्हणून मी रेडिओ मोठा करायचो, म्हणजे मला ऐकू गेलं असं तुला वाटू नये. सगळं बंदर म्हणतं, चिंग-फू बहिरा झालाय. होऊ दे म्हटलं."

वेन-लुंग बापामागे फरशीवर टेकला.

"मी त्या कारखान्यात गेलो," चिंग-फू म्हणाले. "हा धाकटा विचारतो, काय विचारलंत. एकच विचारलं. इंजिन बंद करून आडव्या लाटेत थांबली तर किती हलते? तो म्हणाला, काका, बोट आहे, पलंग नाही. म्हटलं, रुंदीला वाढव. तो म्हणाला, एवढ्या रुंदीची करत नाहीत. म्हटलं, माझ्यासाठी कर. आणि इथे येऊनसुद्धा मी बोट घेऊ का असं विचारलंच नाही कधी. आज तोंडाने बोललो, पण मनात रोजचाच दुसरा प्रश्न होता. या रुंद बोटीवर माझ्या पोराचं ओकणं थांबेल का?"

"आणि ती हसली," गुरव हळूच म्हणाला.

"रोज हसली."

"मग बोलला का नाहीत, बाबा?" वेन-लुंगचा आवाज फाटला. "एवढी वर्षं!"

"तू का नाही बोललास?"

"मी नाही आलो तर तुम्ही एकटे गेला असतात."

"मी कशाला जातोय? गुडघे बघ माझे! तू येतोस म्हणून मी जात होतो. मला वाटायचं, काय जिद्दीचा पोरगा आहे, ओकतो पण समुद्र सोडत नाही. याचं समुद्रावर एवढं प्रेम, आणि मी याला फुटकी बोट देऊन घरी कसा बसू?"

 मग सासूबाई धप्पकन कौलाच्या गादीवर नवऱ्याशेजारी बसल्या.

"म्हणजे हा त्याच्यासाठी जात होता आणि तो ह्याच्यासाठी," त्या म्हणाल्या. "आणि मी दर पौर्णिमेला दोघांसाठी वेगवेगळा नवस फेडत होते. अरे, दोन बदकं लागायची मला दर वेळी!"

शू-फेन आता उघड हसत होती आणि डोळेही पुसत होती. ती श्यू-मानजवळ आली. "वहिनी, मघाशी मी बोलले ते..."

"असू दे."

"असू दे कसं? धुणं तुझ्या वाट्याला, आणि बोलणीही तुलाच." मग ती भावाकडे वळली. "दादा, आमच्या दुकानात हात हवाच आहे. तुला इंजिनांतलं कळतं. इंजिनं जमिनीवरच असतात. मी यांना सांगते."

"आधी तुझ्या नवऱ्याला विचार," चुन-हाँग म्हणाला. "नाहीतर तोही येऊन कौल लावेल."

"गप्प बसा सगळे," चिंग-फू म्हणाले. ते मुलाकडे वळून बसले, देवीकडे पाठ करून, आणि गुरवाने त्यावर हरकत घेतली नाही. "वेन-लुंग. मी आता तिला विचारत नाही, तुला विचारतो. समुद्रावर जायचंय का तुला?"

"नाही, बाबा."

एवढंच. श्यू-मानने हे दोन शब्द कित्येकदा मनात बोलून बघितले होते, त्याच्या वतीने, भांडणाच्या सुरात, विनवणीच्या सुरात. त्याने ते अगदी साधे म्हटले. तिला आता मात्र खरंच रडू आलं आणि तिने ते आवरलं नाही.

"बरं," चिंग-फू म्हणाले.

ते देवीकडे वळले. नाव, गाव, गल्ली, घर, सगळं कुणी न विचारता सांगितलं. मग म्हणाले, "आई, आम्ही बोट घेत नाही. जुनी काढून टाकतो. चालेल?"

ठोकळे पडले: एक सपाट, एक फुगीर. पुन्हा टाकले: एक सपाट, एक फुगीर. तिसऱ्यांदा टाकताना म्हाताऱ्याचा हात हलला, एक ठोकळा गुरवाच्या खुर्चीखाली गेला. चुन-हाँग पालथा पडून बघून आला. "फुगीर," तो म्हणाला. बाहेरचा सपाट होता.

"झालं," गुरव म्हणाला. "इतक्या दिवसांत पहिला धड प्रश्न." त्याने घंटा वाजवली आणि टीव्हीचा आवाज परत सुरू केला.

सासूबाईंनी पोळ्यांचे तुकडे करायला घेतले. कारखानदाराला फोन कोणी करायचा यावरून शू-फेन आणि चुन-हाँग यांची लगेच जुंपली. चिंग-फू मात्र गादीवरून उठले नाहीत. बोट गेली होती, आणि तिच्याबरोबर त्यांना तांडेल म्हणायचं कारणही. श्यू-मानने त्यांच्यासमोर पोळीचा तुकडा धरला, तो त्यांनी घेतला आणि तसाच हातात ठेवला.

"समुद्र नको, हे कळलं," ते मुलाला म्हणाले. "मग तुला हवंय काय?"

 वेन-लुंगने बायकोकडे बघितलं, ती सांगेल म्हणून. आणि श्यू-मानच्या लक्षात आलं, तिला माहीत नाही. त्याला कोणत्या गोळीने झोप येते, कोणत्या लाटेला जास्त होतं, कोणत्या शर्टाचा डाग जात नाही, हे सगळं तिला पाठ होतं. त्याच्यासाठी देवीशी भांडायला ती अंधारात उठून आली होती. पण तुला काय हवंय, हे तिनेही त्याला कधी विचारलं नव्हतं. तिने मान हलवली: तूच सांग.



"मला," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच थोडी लाज वाटली, "एकदा उजाडल्यावर उठायचंय."

चिंग-फूंनी मुलाकडे बघितलं. वयाच्या चौदाव्या वर्षापासून तेही कधी उजाडल्यावर उठले नव्हते.

"मलाही," ते म्हणाले, आणि त्यांनी पोळीचा तुकडा तोंडात टाकला.